लाट फोटोत लहान का दिसते, आणि तिच्या किती जवळ जावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वादळाच्या दिवशी तुम्ही एका उंच कड्यावर तीन तास उभे होतात. समोरचा समुद्र छातीत धडकी भरवत होता, पण घरी येऊन फोटो पाहिले तर लाटा डबक्यातल्या तरंगांसारख्या दिसल्या. पुढच्या वेळी खाली खडकांवर उतरावं का, लेन्स कोणती घ्यावी आणि शटर स्पीड किती ठेवावा, हे तुम्हाला हवं आहे.

पहिल्यांदा खडकांचं बोलते, कारण बाकी काही चुकलं तर फार तर फोटो बिघडेल. खाली उतरू नका. तुमचे फोटो सपाट आले ते तुम्ही लाटेपासून लांब होतात म्हणून नव्हे, तिच्यापेक्षा फार उंचावर होतात म्हणून. या दोन गोष्टींची गल्लत अनेक जण करतात आणि अंतर कमी करायला निघतात. कमी करायची असते ती उंची, अंतर नव्हे.

क्षितिज नेहमी आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. तुम्ही पाण्यापासून चाळीस मीटर उंच असाल तर आठ मीटरची लाट क्षितिजाच्या कितीतरी खाली राहते. तिच्यामागे पुन्हा समुद्रच दिसतो, त्यामागे आणखी समुद्र, आणि तिची उंची कशाशी ताडून पाहावी हे डोळ्याला कळत नाही. वरून पाहिलेली लाट म्हणजे चादरीवरची सुरकुती. तीच लाट पाण्यापासून सहा-सात मीटरवरून पाहिली तर तिचा माथा क्षितिजाची रेघ कापतो आणि मागचं आकाश झाकतो. समुद्रावर वावरणारी माणसं लाटेची उंची अशीच अजमावतात: माथा क्षितिजाला भिडला म्हणजे तो आपल्या डोळ्यांइतका उंच आहे. फोटोतही हेच हवं. लाटेचा माथा आकाशावर उमटला की पाहणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागत नाही.

म्हणजे जागा हवी ती कमी उंचीची, पण लाटेपासून लांबची. अशी जागा बहुतेक वेळा एखाद्या वळणदार उपसागराच्या दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला सापडते. लाट समोरच्या टोकावर तीन-चारशे मीटरवर फुटते आहे, मधे खोल पाणी आहे आणि तुमच्या बाजूला तिचा जोर पोचत नाही, अशी. तिथून लांबचं जवळ आणणारी, दोनशे ते चारशे मिलिमीटरची लेन्स लावली की मागची दुसरी आणि तिसरी लाटही पहिलीच्या पाठीवर आल्यासारखी दिसते. शिवाय लाट बाजूने दिसते. समोरून ती नुसती भिंत असते. बाजूने पाहिलं तर तिची कमान दिसते, माथा पुढे झुकतो तो क्षण दिसतो, पोटातली पोकळी दिसते. लेन्सबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. वाइड लेन्स, म्हणजे रुंद परिसर एका फ्रेममध्ये घेणारी, वादळी दिवशी मी बॅगेतून काढतच नाही. तिने लाट मोठी दाखवायची तर लाटेच्या तोंडाशी जावं लागतं.

दुसरी गरज मापाची. फ्रेममध्ये ज्याचं माप सगळ्यांना ठाऊक आहे असं काहीतरी हवं: माणूस, खिडकी, कठडा, होडी, निदान पक्षी. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यापलीकडे ला ज्युमां नावाचं दीपगृह आहे. २१ डिसेंबर १९८९ रोजी ज्याँ गिशार यांनी हेलिकॉप्टरमधून त्याचे फोटो काढले, ते जगभर पोचले. मागून आलेली लाट दीपगृहाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते आहे आणि खालच्या दारात एक माणूस उभा आहे. तो दीपगृहाचा रखवालदार. हेलिकॉप्टर आपल्याला न्यायला आलं आहे असं वाटून त्याने दार उघडलं होतं. पाणी दारापर्यंत यायच्या आत तो मागे सरला आणि वाचला. अंगठ्याने तो माणूस झाकून तो फोटो पाहा. लाट तेवढीच असते, पण पोटात खड्डा पडत नाही.

पोर्तुगालमधल्या नाझारेचे फोटोही असेच वाचा. तिथे कड्याच्या टोकावर जुना किल्ला आणि त्यावर लहानसं लाल दीपगृह आहे. गाजलेल्या फोटोंमध्ये पुढे किल्ल्याच्या छपरावरची गर्दी आणि मागे लाट असते, आणि ते मागे लांब उभं राहून मोठ्या लेन्सने काढलेले असतात. तिथल्या लाटा खरोखरच प्रचंड आहेत, कारण किनाऱ्याला जवळजवळ लागूनच समुद्राच्या तळाशी दोनशे किलोमीटरहून लांब दरी आहे आणि ती सुमारे ५,००० मीटर खोल जाते. दरीवरून येणारं पाणी खोल असल्याने लाटेचा तो भाग वेग राखतो, बाजूच्या उथळ तळावरचा भाग मंदावतो, लाट वळते आणि दोन्ही भाग किनाऱ्याजवळ एकमेकांवर चढतात. २९ ऑक्टोबर २०२० रोजी सेबास्टियन श्टॉयटनर याने तिथे जी लाट सर्फ केली तिची उंची २६.२१ मीटर धरली गेली. ती कोणी पट्टी लावून मोजली नव्हती. चित्रण पाहून, सर्फरच्या शरीराच्या मापावरून हिशेब केला होता. तज्ज्ञांनाही लाटेची उंची ठरवायला फ्रेममधला माणूस लागला.

आता अंदाज वाचण्याचं. माझ्या मते फोटोचं निम्मं काम इथे होतं, आणि नवखे नेमकं हेच टाळतात. लाटांच्या अंदाजात उंचीचा एक आकडा असतो आणि आपली नजर त्यावरच जाते. तो आकडा म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. सगळ्या लाटांमधल्या वरच्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. त्यामुळे चार मीटरचा अंदाज असेल तर बऱ्याचशा लाटा त्याहून लहान असतात, पण हजार लाटांमध्ये एखादी सात मीटरच्या पुढे जाते. बारा सेकंदांना एक लाट धरली तर हजार लाटा व्हायला तीन तास वीस मिनिटं लागतात. तुम्ही कड्यावर तीन तास होतात. त्या वेळात एक लाट अंदाजाच्या पावणेदोन पट तरी आलेली असणार, आणि खडकांवर असतात तर तीही तुमच्यासमोरच आली असती. भर समुद्रात याहूनही टोकाच्या लाटा येतात. १ जानेवारी १९९५ रोजी उत्तर समुद्रातल्या ड्राउप्नेर या वायूच्या प्लॅटफॉर्मवरच्या लेसर यंत्राने २५.६ मीटरची लाट नोंदवली, तेव्हा भोवतालच्या समुद्राचा तो सरासरी आकडा बारा मीटरच्या आसपास होता. अशा लाटा खलाशांच्या गप्पांमध्ये कधीपासून होत्या, पण यंत्रावरच्या या नोंदीनंतर त्या नाकारणं कुणाला शक्य राहिलं नाही.

उंचीच्या शेजारी सेकंदांत दिलेला एक आकडा असतो. एक माथा गेल्यापासून दुसरा यायला लागणारा तो वेळ, म्हणजे लाटेचा पिरियड. मी तो आधी पाहते, उंची नंतर. तीन मीटर उंची आणि सात सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेला खळखळता समुद्र. खोल पाण्यात दोन माथ्यांमध्ये ७५ मीटरच्या आसपास अंतर. तीन मीटर आणि सोळा सेकंद म्हणजे दूरच्या मोठ्या वादळातून निघून आलेली लाट. तिथे दोन माथ्यांमधलं अंतर ४०० मीटरच्या घरात जातं आणि प्रत्येक मीटर किनाऱ्यावर येऊन आदळणारी ताकद पहिलीच्या दुपटीहून जास्त असते. अशा लाटेला समुद्राचा तळ २०० मीटर खोलीपासूनच जाणवायला लागतो. ती तिथूनच वळायला आणि उंचावायला लागते, आणि किनाऱ्यापाशी येईपर्यंत तीन मीटरची पाच मीटर होऊ शकते. आकडा तोच, पण समुद्र वेगळा.

दूरच्या वादळाच्या या लाटांना स्वेल म्हणतात. त्या वाऱ्यावाचून चालत राहतात आणि लांब पिरियडच्या लाटा पुढे निघून जातात. वादळ दोन हजार किलोमीटरवर असेल तर वीस सेकंदांच्या लाटांचा समूह साधारण दीड दिवसात पोचतो, दहा सेकंदांच्या लाटांना जवळपास तीन दिवस लागतात. १९६०च्या दशकात समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणीची ठाणी मांडून दाखवलं की दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांची स्वेल अख्खा पॅसिफिक ओलांडून, दहा हजार किलोमीटरहून जास्त चालून येते. मल्याळम बोलणारे मच्छीमार अशा अवचित घुसणाऱ्या समुद्राला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. मला हा शब्द फार नेमका वाटतो. आकाश निळं, वारा नाही आणि पाणी एकाएकी घराच्या पायरीवर.

यातूनच धोक्याची एक गोष्ट निघते. स्वेलच्या पहिल्या लाटा विरळ असतात. पंधरा-वीस मिनिटं समुद्र झोपल्यासारखा, मग चार-पाच मोठ्या लाटांचा सेट, मग पुन्हा शांतता. जवळजवळ सारख्या लांबीच्या लाटा एकत्र चालताना कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात, म्हणून हे असं होतं. सातवी लाट मोठी असते वगैरे समजुतींवर विसंबू नका, समुद्र असा मोजून मापून येत नाही. २३ ऑगस्ट २००९ रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात, अकेडिया राष्ट्रीय उद्यानातल्या थंडर होल या जागी लोक लाटा पाहायला जमले होते. बिल नावाचं वादळ बाहेर खोल समुद्रातून चाललं होतं. एक मोठी लाट खडकावर चढली आणि काही जणांना ओढून घेऊन गेली. सात वर्षांची एक मुलगी गेली. ती माणसं बेफिकीर नव्हती. आत्तापर्यंत पाणी आलं नाही, म्हणजे येणार नाही, एवढंच त्यांना वाटलं होतं.

मलाही तेच वाटलं होतं. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. एका खडकाळ टोकावर मी कोरड्या पायरीसारख्या जागेवर ट्रायपॉड लावला होता. पाऊण तास एकही थेंब आला नव्हता. मी मागच्या पडद्यावर फोटो तपासत होते आणि पावलांखालचा खडक थरथरल्यासारखा वाटला. वर पाहिलं तर माथा माझ्या डोळ्यांच्या वर होता आणि त्याच्या मागे आकाश नव्हतं, दुसरा माथा होता. मी खडकाच्या खोबणीला दोन्ही हात घालून अंग चिकटवलं. पाणी छातीपर्यंत आलं, थांबलं आणि परत निघालं. येताना ते ढकलतं तेव्हा आपण तग धरतो. जाताना ते पायांखालून ओढतं, तेव्हा बोटं सुटायला लागतात. ट्रायपॉड, कॅमेरा, बॅग, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर माझ्या नाकासमोर, त्या खोबणीत, समुद्रशेवाळाचं बोटभर लांब पातं चिकटलेलं दिसलं. चकचकीत, हिरवं, ताजं. ते आत्ताच्या लाटेने आणलं होतं की आधीच तिथे होतं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण त्या पात्याच्या वर, माझ्या डोक्याच्याही वर, खडकात मिठाचा पांढरा थर होता आणि दोन खळग्यांत खारं पाणी साठलेलं होतं. ते मात्र आधीपासूनच होतं. मी तिथे पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिलं असतं तर दिसलं असतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पोचल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतच. उंच, सुरक्षित जागेवरून नुसतं पाहायचं. स्वेल लांब पिरियडची असेल तर पाऊण तास. निदान दोन सेट डोळ्यांसमोरून गेले पाहिजेत. मग खडक वाचायचा: कुठे ओला आहे, कुठे काळं शेवाळ आहे, कुठे वाळू किंवा गोटे नुकतेच येऊन पडलेत, खळग्यातलं पाणी खारं आहे का. समुद्राकडे पाठ कधीच करायची नाही, फोटो तपासतानाही. सोबत एक माणूस हवा, आणि त्याचं काम फक्त समुद्राकडे पाहणं. दोघांच्याही डोळ्याला कॅमेरा लागलेला असेल तर ती सोबत नव्हे.

खडकच घातक आणि वाळूचा किनारा बरा, असंही समजू नका. आइसलंडचा रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा तिथल्या अवचित लाटांमुळे इतका जीवघेणा ठरला की तिथे इशाऱ्याचे दिवे बसवावे लागले. उताराच्या किनाऱ्यावर परतणारं पाणी पायांखालची वाळू घेऊनच जातं. किनाऱ्यावर पडलेल्या ओंडक्यांजवळही थांबू नये, कारण घोट्याएवढं पाणीसुद्धा मोठा ओंडका उचलून फिरवतं. कड्याची धार पावसाने भिजलेली आणि खालून पोखरलेली असते, तिच्यापासून चार पावलं मागेच राहा. आणि लाट फक्त पाणी आणते असं नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१३-१४च्या हिवाळ्यातल्या वादळांनी शेकडो टनांचे शिलाखंड जागचे हलवले. समुद्राचं पाणी घनमीटरला हजार किलोहून जड असतं, आणि एका लाटेत असे किती घनमीटर असतात याचा विचार एकदा करून पाहा.

कोणी पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. तरंगेल असं काहीही त्याच्याकडे फेका, बचावपथकाला फोन करा आणि एकाने त्याच्यावरची नजर ढळू देऊ नये, कारण फेसात डोकं एकदा हरवलं की पुन्हा सापडत नाही. स्वतः पडलात तर खडकावर चढायची धडपड करू नका. लाट फुटते त्या पट्ट्यापासून बाहेर, खोल पाण्याकडे जा आणि पाठीवर तरंगत राहा.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. वादळ अंगावर असतानाचा दिवस पाहायला थरारक असतो, फोटोला बहुधा वाईट. वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो, लाटा अवेळी कोसळतात, सगळीकडे पांढरा गोंधळ असतो आणि लेन्स दर दहा सेकंदांनी भिजते. वाऱ्याचा जोर फेसावरून कळतो. ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे गेला की फेसाच्या लांब रेघा वाऱ्याच्या दिशेने ओढल्यासारख्या दिसतात आणि माथ्यांवरचे तुषार उडायला लागतात. तशा रेघा दिसल्या की मी लांबची लेन्स घेऊन आडोशाला जाते किंवा कॅमेरा ठेवून नुसती पाहत बसते. फोटोसाठी मला हवा असतो त्यानंतरचा दिवस. वादळ पुढे सरकलेलं असतं, स्वेल अजून येत असते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे फिरतो. हा मतलई वारा लाटेच्या तोंडावर येतो, तिला क्षणभर उभी धरतो, माथ्यावरचं पाणी मागे केसांसारखं उडवतो. त्यात सूर्य लाटेच्या मागे खाली असेल तर फुटण्याआधीच्या पातळ पाण्यातून प्रकाश आरपार येतो आणि काळपट समुद्रात अर्धा सेकंद हिरवी काच पेटते. मी आजवर काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी बहुतेक अशा सकाळचे आहेत.

भरती-ओहोटीचं कोष्टक सोबत हवंच. एखाद्या टोकावर लाट भरतीला कड्यावर आदळून उंच उडते आणि ओहोटीला बाहेरच्या खडकावर फुटून सुंदर कमान करते. दुसऱ्या टोकावर याच्या उलट. हे प्रत्येक जागेचं आपापलं असतं, चार खेपा केल्यावर कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी नेहमीपेक्षा वर येतं. त्यात वादळाने हवेचा दाब उतरलेला असला तर दर एक हेक्टोपास्कलला समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो, आणि वारा पाणी किनाऱ्यावर रेटतो ते वेगळंच. सकाळी कोरडी असलेली वाट दुपारी पाण्याखाली जाते. परतीची वाट आधी पाहून ठेवा.

आता शटर स्पीड. पाच मीटर खोल पाण्यात फुटायला आलेली लाट सेकंदाला सात मीटर पुढे सरकते. एक हजारांश सेकंदात ती सात मिलिमीटर हलते, साठांश सेकंदात बारा सेंटिमीटर. पण कड्यावर आदळून वीस मीटर उडणारा फवारा निघताना सेकंदाला वीस मीटरच्या वेगात असतो, म्हणून थेंब न् थेंब हवा असेल तर १/२००० सेकंद. तो फवारा शिखरावर पोचायला दोन सेकंद घेतो. सेकंदाला दहा फ्रेम घेणारा कॅमेरा असेल तर तेवढ्यात वीस फ्रेम मिळतात, त्यातल्या शेवटच्या पाच-सहा कामाच्या. फवारा चढत असतो तोवर त्याला बोटं असतात, टोकं असतात, आकार असतो. खाली यायला लागला की नुसता पाऊस. म्हणून आदळल्याचा आवाज ऐकून बटण दाबू नका, लांबून आवाज उशिरा येतो. लाट कड्यापासून एक लाटभर दूर असतानाच दाबायला सुरुवात करा. आणि परतणाऱ्या पाण्यावर लक्ष ठेवा. आधीची लाट कड्यावरून मागे फिरून पुढच्या लाटेला भिडते तेव्हा दोन्ही मिळून सरळ वर उसळतात. ती उसळी नुसत्या आदळण्यापेक्षा उंच आणि विचित्र आकाराची असते, आणि पाच-दहा मिनिटं पाहत राहिलात तर ती कधी होणार हे आधी कळायला लागतं.

सगळं गोठवायचंच असंही नाही. पाव ते अर्ध्या सेकंदात खडकांवरून ओघळणारं पाणी पांढऱ्या धाग्यांसारखं येतं. पाच-दहा सेकंदांची एक्स्पोजर मात्र मला वादळी समुद्रावर पटत नाही. त्यात लाटेचं धुकं होतं आणि तिचा राग निघून जातो.

एक्स्पोजरमध्ये, म्हणजे उजेड किती घ्यायचा यात, कॅमेरा दोन्हीकडे फसतो. काळसर समुद्र आणि मधे थोडा फेस असेल तर कॅमेरा समुद्र उजळायला जातो आणि फेस जळून कोरा पांढरा होतो. तिथे मी दोन तृतीयांश स्टॉप खाली घेते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). फ्रेमभर फेसच असेल तर उलट तो राखाडी होतो, तिथे एक स्टॉप वर. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटला नाही एवढं पाहा आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. ऑटोफोकस उडत्या तुषारांवर भुलतो, म्हणून लाट जिथे फुटते त्या खडकावर फोकस धरून तो तिथेच ठेवते. ट्रायपॉड वाऱ्यात लावायचा तर पाय पसरून, बुटका, मधला दांडा वर न काढता. बहुतेक वेळा मी हातातच धरते, एका गुडघ्यावर बसून.

शेवटी मिठाचं, कारण सामान मिठानेच मरतं. बाहेर लेन्स बदलायची नाही. हूड लावलेला, कॅमेऱ्यावर पावसाचं आवरण किंवा साधी प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली, पुढे साधा काचेचा फिल्टर. खिशात निदान पाच-सहा मऊ कापडं, त्यातली दोन गोड्या पाण्याने ओलसर करून वेगळ्या पिशवीत ठेवलेली. काचेवर शिंतोडे आले की आधी ओलसर कापड टेकवून मीठ विरघळू द्या, मग कोरड्याने टिपा. कोरडंच घासलंत तर मिठाचे खडे आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. तुमच्या फोटोंतला थोडा फिकेपणा याचाही असू शकतो: तीन तासांत काचेवर मिठाचा इतका पातळ पापुद्रा बसतो की सरळ पाहून दिसत नाही. फिल्टर काढून उजेडाकडे तिरका धरा, दुधाळ दिसेल. घरी आल्यावर कॅमेरा ओलसर कापडाने पुसा, ट्रायपॉडचे पाय सांधे उघडून गोड्या पाण्याखाली धरा आणि रात्रभर उघडेच वाळू द्या. दुसऱ्या दिवशी बंद केलेत तरी चालेल.

तुमच्या त्या कड्याबद्दल एकच: तिथे पुन्हा जाल तेव्हा लाटांचे फोटो काढायला जाऊ नका, जागा शोधायला जा. उंचावरून उपसागर पूर्ण दिसतो. लाटा कुठे वळतात, कुठे फुटतात, कुठल्या बाजूला पाणी गप्प राहतं हे तासाभरात समजेल. तो गप्प कोपरा नकाशावर खूण करून ठेवा आणि शांत दिवशी तिथे जाऊन भरतीची रेघ, वाट, आडोसा पाहून या. पुढच्या वादळानंतरच्या सकाळी तिथून त्याच लाटा मोठ्या लेन्समधून बघा.